उशीर सोसू, पण खरं वेळेवर सांगा

प्रवासी वाहतूक चालवणाऱ्या कंपन्या, महामंडळं आणि त्यांच्या नियंत्रण कक्षांतल्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापैकी कोणा एकाला उद्देशून नाही. आमचा परतीचा प्रवास मोडला तो बस, रेल्वे आणि विमान या तिघांच्या हातून थोडा थोडा मोडला. रस्त्यात बिघडलेलं गणित फलाटावर आणखी बिघडलं आणि विमानतळावर पार कोलमडलं. म्हणून कोणाचंही नाव न घेता सगळ्यांनाच लिहिते आहे. मागणी एकच आहे. गाडी उशिरा सुटणार किंवा सुटणारच नाही, हे तुम्हाला ज्या वेळी कळतं त्याच वेळी आम्हालाही कळू द्या.

उशीर का होतो हे प्रवाशांना समजत नाही, असा तुमचा समज असेल तर तो मनातून काढून टाका. धुकं पडतं, दरड कोसळते, इंजिन बंद पडतं, सिग्नल यंत्रणा नादुरुस्त होते. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीची राख युरोपवर पसरली तेव्हा आठवडाभरात सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली आणि जवळपास एक कोटी प्रवासी जिथल्या तिथे अडकले. राखेला कोण दोष देणार? २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनमधली उड्डाण-आराखडे तपासणारी संगणक यंत्रणा ठप्प झाली ती एका विमानाच्या आराखड्यामुळे. त्या आराखड्यात 'डीव्हीएल' या एकाच सांकेतिक नावाची दोन ठिकाणं होती, एक फ्रान्समधलं दोव्हिल आणि दुसरं अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक. यंत्रणेला हा गुंता सोडवता आला नाही, आणि चुकीची माहिती पुढे जाण्यापेक्षा थांबलेलं बरं या तत्त्वावर मुख्य आणि राखीव अशा दोन्ही यंत्रणा बंद झाल्या. सात लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला. असं होऊ शकतं हे आम्ही मान्य करतो. यंत्रं बिघडतात आणि निसर्ग कोणाचं ऐकत नाही. आमचा प्रश्न त्यानंतरच्या तासांचा आहे.

आमचा प्रवास आधी ठरलेला नव्हता. माझ्या आत्याला समुद्र पाहायचा होता. बरीच वर्षं आधी घर, मग नोकरी, मग काकांचं आजारपण असं करत ते राहून गेलं होतं. एका संध्याकाळी बोलता बोलता विषय निघाला, "उद्याच जाऊ या का?" असं ती म्हणाली आणि रात्रीत आमच्या पिशव्या भरून झाल्या. जाताना सगळं सुरळीत झालं. आत्या वाळूत अनवाणी चालली, लाटेत गुडघाभर उभी राहिली, दोन्ही हातांनी माझा दंड घट्ट धरून हसली. त्या आनंदाचा एक कणही परतीच्या प्रवासानं कमी झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ठरवून न निघालेल्या प्रवाशाकडे पाहण्याची एक पद्धत असते. "आधी नियोजन करायला नको का?" असं आम्हाला एका खिडकीवर ऐकवलं गेलं. मला ते मान्य नाही. मनात आलं की निघा, उद्याचं तिकीट आजच काढा, अशा जाहिराती तुम्हीच करता. शेवटच्या क्षणी रिकामी राहणारी आसनं भरली की तुमचा फायदा होतो. शिवाय सगळेच काही मौजेसाठी अचानक निघत नाहीत. कोणाच्या घरी मयत असतं, कोणाचं मूल परगावी तापानं फणफणलेलं असतं, कोणाला मुलाखतीचं बोलावणं आदल्या दिवशी येतं. महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्याची गाडी जशी तुमची जबाबदारी असते, तशीच काल रात्री काढलेल्याचीही असते. दोघांनीही पूर्ण पैसे मोजलेले असतात. अचानक निघालेल्यानं बऱ्याचदा जास्तच मोजलेले असतात.

परत येताना बस डोंगराळ रस्त्यावर बंद पडली. चालकानं उतरून इंजिन पाहिलं आणि आगाराला फोन लावला. वाहक सांगत राहिले, "निघू पाच-दहा मिनिटांत." त्यांचा स्वभाव चांगला होता, आत्याला त्यांनी आपली पाण्याची बाटलीही दिली. पण दुसरी बस मागवावी लागणार आहे आणि ती लांबच्या आगारातून येणार आहे, हे चालकाला त्या पहिल्या फोनवरच कळलं होतं. आम्हाला ते बऱ्याच उशिरा समजलं. तोवर मागून दोन रिकाम्या गाड्या निघून गेल्या होत्या. हात केला असता तर त्यांनी आम्हाला स्टेशनपर्यंत सोडलं असतं. "निघू पाच-दहा मिनिटांत" हे ऐकल्यावर कोण हात करील?

गाडी चुकली. पुढच्या गाडीचा फलाट ऐन वेळी बदलला आणि उद्घोषणा झाली तेव्हा गाडी समोरच्या फलाटावर लागलेली होती. जिना चढून-उतरून आत्याला धाप लागली. ती गाडी आम्हाला मिळाली, पण वाटेत कुठल्याशा स्टेशनाबाहेर ताटकळत उभी राहिली. डब्यात एक शब्दही सांगितला गेला नाही. दिवे चालू होते, पंखे चालू होते, माणसं खिडकीतून वाकून पुढे पाहत होती. एवढं होऊनही विमानतळावर आम्ही वेळेत पोहोचलो. आता घर जवळ आलं, असं आत्या म्हणाली.

यापुढचा भाग तुम्ही नीट वाचावा, ही विनंती. विमानाला अर्धा तास उशीर असल्याचं फलकावर दिसत होतं. अर्धा तास संपत आला की आणखी अर्धा तास. मग पुन्हा अर्धा तास. याच विमानतळाला लागून असलेल्या स्टेशनातून आमच्या शहराकडे जाणारी रात्रीची शेवटची गाडी सुटायची होती. पहिला अर्धा तास जाहीर झाला तेव्हा तिला भरपूर वेळ होता. दुसरा जाहीर झाला तेव्हाही होता. फलकावर विश्वास ठेवून आम्ही बसून राहिलो. ती गाडी सुटून गेल्यावर थोड्या वेळानं फलकावरची वेळ पुसली गेली आणि 'रद्द' हा शब्द आला.

त्या अर्ध्या-अर्ध्या तासांनी आमच्याकडून वेळ तर घेतलाच, पण निर्णय घेण्याची संधीही घेतली. उशिराच्या माहितीला मोल असतं ते दुसरा मार्ग शिल्लक असेपर्यंतच. शेवटची गाडी निघून गेल्यावर सांगितलेलं खरं काही कामाचं नसतं. सहा तास उशीर आहे असं सुरुवातीलाच सांगितलं असतं तर आम्ही वैतागलो असतो, खिडकीवर दोन शब्द जास्त बोललो असतो, आणि मग गाडी पकडून पहाटे घरी पोहोचलो असतो. आत्यानं रक्तदाबाच्या गोळ्या घरी परतण्याच्या हिशेबानं घेतल्या होत्या. रात्रभर खुर्चीत बसल्यानं तिचे पाय सुजले. विमानात चढवण्यासाठी दिलेली बॅग परत कुठे मिळणार हे विचारायला मी तीन खिडक्या फिरले. प्रत्येक ठिकाणी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं गेलं.

"आम्हालाच माहीत नव्हतं," असं तुम्ही म्हणाल. काही वेळा ते खरंही असेल, वादळ कधी सरकेल हे सांगता येत नाही. पण त्या रात्री आकाश स्वच्छ होतं. शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलानं फोनवर नकाशा उघडून दाखवला. आम्हाला घेऊन जाणारं विमान अजून दुसऱ्याच विमानतळावर उभं होतं, तिथून निघालंही नव्हतं. बहुतेक प्रवासी विमानं आपली जागा, उंची आणि वेग सतत प्रसारित करत असतात आणि ती माहिती कोणालाही पाहता येते. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करतं, सकाळी एका फेरीला झालेला उशीर रात्रीच्या फेरीपर्यंत साखळीसारखा येतो. जे विमान तिकडून निघालेलंच नाही ते अर्ध्या तासात इथून कसं उडणार? तो मुलगा हे सांगू शकत होता, तर तुमचा फलक का सांगू शकत नव्हता?

दुसरी गोष्ट कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची. उड्डाण रद्द होण्याचं कारण म्हणून शेवटी आम्हाला सांगण्यात आलं की वैमानिकांची ड्यूटी संपली. त्या नियमाच्या मी पूर्णपणे बाजूनं आहे. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ विमान कोसळून ५० जणांचा जीव गेला, आणि त्या अपघातानंतर वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. जानेवारी २०१४ पासून तिथे नवे नियम लागू झाले. नेहमीच्या उड्डाणांसाठी वैमानिकाची ड्यूटी किती वाजता सुरू झाली आणि किती फेऱ्या आहेत यावरून ती ९ ते १४ तासांच्या आत बसवावी लागते. थकलेल्या माणसाच्या हाती माझ्या आत्याचा जीव द्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण ड्यूटीची मर्यादा अचानक उगवत नाही. कोणाचे तास किती वाजता संपणार हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सकाळपासून दिसत असतं. विमान अमुक वाजेपर्यंत आलं नाही तर हे कर्मचारी ते नेऊ शकणार नाहीत आणि बदली कर्मचारी नाहीत, हे साधं गणित कोणीतरी संध्याकाळीच केलं असणार. ते उत्तर प्रवाशांपासून रात्रीपर्यंत लपवलं गेलं.

लपवलं गेलं, हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. उशीर तुकड्या-तुकड्यांनी सांगितला की माणसं जागेवर बसून राहतात, परतावा मागत नाहीत, दुसरीकडे जात नाहीत. विमान शेवटी उडालंच तर आसनं भरलेली असतात. आसनांचा हिशेब धरला तर हे सोयीचं आहे. पण त्या सोयीची किंमत खुर्चीत रात्र काढणाऱ्यानं का चुकवावी?

ही अपेक्षा अवास्तव नाही, हे कायद्यांनीच दाखवून दिलं आहे. अमेरिकेत विमान कंपनीवर बंधन आहे की उड्डाण रद्द झालं, दुसरीकडे वळवलं गेलं किंवा त्याला ३० मिनिटं अथवा त्याहून जास्त उशीर होणार असला, तर कंपनीला ते कळल्यापासून ३० मिनिटांच्या आत प्रवाशांना सांगायचं. यातला 'कंपनीला कळल्यापासून' हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नियमाची घड्याळ कंपनीच्या माहितीपासून सुरू होते, तिच्या इच्छेपासून नाही. त्याच देशात २०१० पासून आणखी एक नियम आहे. देशांतर्गत विमान प्रवाशांना आत बसवून धावपट्टीवर तीन तासांपेक्षा जास्त वेळ उभं ठेवता येत नाही, आणि दोन तासांच्या आत काहीतरी खायला आणि प्यायला पाणी द्यावं लागतं. हा नियम कोणी मेहेरबानी म्हणून केला नाही. तासन्‌तास बंद विमानात कोंडलेल्या लोकांनी आवाज उठवला म्हणून तो झाला.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम तर बहुतेक विमान कंपन्यांना तोंडपाठ असेल. उड्डाण रद्द झालं तर परतावा की पर्यायी प्रवास याची निवड प्रवाशाची. वाट पाहायला लागली तर जेवण, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवर जाण्या-येण्याची सोय. कारण कंपनीच्या हातातलं असेल तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयानं ठरवलं की तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोहोचलेल्या प्रवाशालाही रद्द उड्डाणासारखीच भरपाई मिळू शकते. मग उशीर कधीपर्यंत मोजायचा यावर भांडण झालं. साल्झबर्गहून निघालेलं एक विमान धावपट्टीला टेकलं तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं होता, आपल्या जागी जाऊन उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. २०१४ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडायची मुभा मिळते ती पोहोचण्याची वेळ. त्याआधी माणूस बंद जागेत असतो, त्याला स्वतःचं काही ठरवता येत नाही, असा त्यामागचा विचार. मला तो निकाल फार पटला. फलकावरच्या खोट्या अर्ध्या तासात अडकलेला प्रवासीही असाच बंद असतो. फरक एवढाच की त्याला आपण बंद आहोत हे माहीत नसतं.

आणि निसर्गाच्या कोपाचं कारण पुढे करून हात झटकणाऱ्यांसाठी आणखी एक निकाल. २०१० च्या राखेमुळे पोर्तुगालमधल्या फारो शहरात एक महिला आठवडाभर अडकली होती. तिनं राहण्या-जेवण्याचा खर्च मागितला, कंपनी म्हणाली की ही परिस्थिती असाधारणाच्याही पलीकडची आहे. ३१ जानेवारी २०१३ ला न्यायालयानं सांगितलं की अशा वेळी रोख भरपाई द्यावी लागत नसली तरी प्रवाशाची काळजी घेण्याचं बंधन सुटत नाही. संकट जितकं लांबतं तितकी त्या काळजीची गरज वाढते, हे सामान्य माणसालाही कळतं.

पण हे सगळे नियम एकेका तिकिटापुरते आहेत, आणि आमच्यासारखा प्रवासी नेमका तिथेच वाऱ्यावर पडतो. एकाच तिकिटावर दोन विमानं असतील आणि पहिल्याला उशीर झाल्यानं दुसरं चुकलं, तर उशीर अंतिम मुक्कामी पोहोचण्याच्या वेळेवरून मोजायचा, हे २०१३ च्या दुसऱ्या एका युरोपीय निकालात स्पष्ट झालं. ब्रेमेनहून निघालेली ती प्रवासी पॅरिस आणि साओ पाउलोमार्गे पॅराग्वेच्या राजधानीला जाणार होती. पहिल्या टप्प्यात अडीच तासांहून थोडा कमी उशीर झाला, शेवटी ती सुमारे ११ तास उशिरा पोहोचली, आणि न्यायालयानं हे ११ तास मोजले. आता विचार करा, हाच प्रवास वेगवेगळ्या तिकिटांचा असता तर? बस एकाची, रेल्वे दुसऱ्याची, विमान तिसऱ्याचं. बसवाला म्हणणार माझा उशीर थोडासाच. रेल्वे म्हणणार तुम्ही आलात उशिरा. विमान कंपनी म्हणणार तुम्ही आलाच नाहीत, म्हणून तुमचं पुढचं तिकीटही बाद. हो, असंही होतं. जोडतिकिटाचा एक टप्पा प्रवाशाला गाठता आला नाही तर त्यापुढचे सगळे टप्पे, परतीचासुद्धा, रद्द करण्याची अट अनेक कंपन्यांच्या नियमांत असते. रस्त्यात अडकलेल्या माणसाचं घरी जायचं पैसे भरलेलं आसन त्याच्याकडून काढून घेऊन पुन्हा विकायचं, याला मी अन्याय म्हणते. प्रवासी फोन करून सांगतो आहे की मी पुढच्या टप्प्याला हजर राहीन, तर ते आसन त्याचंच राहिलं पाहिजे.

प्रवास अखंड मानणं अशक्य नाही. जपानमध्ये एका कंपनीची रेल्वे बंद पडली की तिकीट किंवा पास असलेल्या प्रवाशांना दुसऱ्या कंपनीच्या मार्गानं जाऊ देण्याची पद्धत आहे, जादा पैसे न घेता. एरवी त्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक असतात. तिथल्या रेल्वे कंपन्या उशीर झाल्याचं प्रमाणपत्रही देतात, म्हणजे कामावर उशिरा पोहोचलेल्या माणसाला आपली बाजू मांडत बसावं लागत नाही. स्वित्झर्लंडनं १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतरानं धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आणलं. मोठ्या स्टेशनांवर गाड्या एकाच सुमारास याव्यात आणि माणसांना उतरून पुढची गाडी गाठता यावी, हा त्याचा पाया आहे. म्हणजे वेळापत्रक करताना गाडीच्या आधी ती बदलणाऱ्या माणसाचा विचार झाला. उशिरा येणाऱ्या गाडीतले प्रवासी डोळ्यांसमोर असताना रात्रीची शेवटची बस दोन मिनिटं आधी निघून जाते, हे दृश्य इतर अनेक ठिकाणी रोज घडतं. दिवसाच्या इतर बसचं मी म्हणत नाही. शेवटच्या बसचा नियम वेगळाच असायला हवा, कारण तिच्यानंतर काही नसतं.

तंत्रज्ञान नाही असंही नाही. बस-रेल्वेची वेळापत्रकं सगळ्यांना वाचता येतील अशा एका समान साच्यात मांडायची सुरुवात २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून केली. पुढे २०११ मध्ये त्यात गाडी आत्ता कुठे आहे, किती उशिरा आहे हे सांगणारा भागही आला. तो साचा मोफत आहे, खुला आहे, जगभरात वापरला जातो. त्यात खरी माहिती भरणं एवढंच उरतं.

भाड्याबद्दल थोडक्यात. उड्डाण रद्द झालं की त्याच मार्गावरच्या उरलेल्या आसनांचे दर मिनिटागणिक चढतात. संगणकाला एवढंच दिसतं की मागणी वाढली. ही मागणी कोणामुळे वाढली हे त्याला कळत नाही, पण तुम्हाला कळतं. मोठा गोंधळ झाला त्या काळापुरते त्या मार्गावरचे दर गोठवा. त्या रात्री ज्यांच्या खिशात पैसे होते ते निघून गेले आणि बाकीचे जमिनीवर चादरी पसरून झोपले, हे मी पाहिलं आहे.

तुमच्या खिडक्यांवर बसलेल्या मुला-मुलींबद्दल मात्र माझ्या मनात राग नाही. त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं, काही वेळा त्याहूनही कमी. शिव्या त्यांनी खाल्ल्या. एक मुलगी सगळ्यांची बोलणी ऐकून घेत शांतपणे एकेकाचं नाव लिहून घेत होती. आत्यासाठी तिनं कुठूनतरी चाकाची खुर्ची मिळवली आणि स्वतःच्या फोनचा चार्जर दिला. तिच्या हाती निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता. हॉटेलची चिठ्ठी देता येत नव्हती, दुसऱ्या कंपनीत आसन देता येत नव्हतं, कारण सांगायलाही वरून परवानगी हवी होती. तुम्ही माहिती वरच्या मजल्यावर ठेवता आणि संतापाला तोंड द्यायला खालच्या मजल्यावरच्यांना उभं करता. त्यांना अधिकार द्या. अमुक तासांपुढे उशीर गेला की जेवण, निवारा आणि पर्यायी तिकीट देण्याचा निर्णय खिडकीवरच व्हावा, कोणालाही फोन न लावता.

सामान्य माणसं अशा वेळी काय करू शकतात हे ११ सप्टेंबर २००१ ला दिसलं. अमेरिकेचं आकाश बंद झालं आणि कॅनडातल्या गँडर या जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावात ३८ प्रवासी विमानं उतरवावी लागली. साडेसहा हजारांहून अधिक माणसं होती. तिथले स्कूल बसचे चालक संपावर होते, त्यांनी संप थांबवून लोकांची ने-आण केली. शाळा, सभागृहं, घरं उघडली गेली. त्या गावकऱ्यांवर कसलंही कायदेशीर बंधन नव्हतं आणि त्यांनी कोणाकडून भाडंही घेतलेलं नव्हतं. तुम्ही मात्र आमच्याकडून भाडं घेतलेलं असतं.

आणखी एक सांगायचं आहे, ते सगळं फोनवर ढकलण्याबद्दल. तिकीट फोनवर, सूचना फोनवर, परताव्याचा अर्ज फोनवर. रात्री फोनची बॅटरी संपते आणि आत्यासारख्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. फलकावर आणि उद्घोषणेत जे सांगितलं जाणार नाही ते तिच्यापर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून फलक आणि माणसाचा आवाज काढून टाकू नका. आणि त्या आवाजाला नुसतं "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच वाचायला लावू नका. कारण सांगू द्या, अंदाज सांगू द्या, अंदाजाची खात्री किती तेही सांगू द्या. "विमान अजून तिकडून निघालेलं नाही, चार तासांच्या आत उडण्याची शक्यता कमी आहे, रात्रीची गाडी अमुक वाजता आहे, तिनं जायचं असेल तर पूर्ण परतावा मिळेल." एवढं एक वाक्य त्या संध्याकाळी कोणी माईकवर बोललं असतं तर निम्मं दालन रिकामं झालं असतं. तुमच्या खिडक्यांवरची रांगही कमी झाली असती.

अंदाज चुकला तर लोक ओरडतील, अशी तुमची भीती असेल. ओरडू द्या. खरा वाटून दिलेला अंदाज चुकणं आणि खोटा आहे हे माहीत असून तो फलकावर लावणं, यातला फरक प्रवाशाला नीट कळतो.

या पत्राला उत्तर म्हणून मला सवलतीचं कूपन नको, दिलगिरीचं छापील पत्रही नको. नियंत्रण कक्षात जो अंदाज दिसतो तोच, त्याच वेळी, कारणासह फलकावर दिसेल, असं तुम्ही कोणत्या तारखेपासून करणार आहात तेवढं जाहीर करा. शेवटची बस आणि शेवटची गाडी उशिरा येणाऱ्यांसाठी किती मिनिटं थांबेल तो आकडा वेळापत्रकातच छापा. एक टप्पा चुकला म्हणून परतीचं तिकीट बाद करण्याची अट काढून टाका. यातलं जे जमणार नसेल ते का जमणार नाही, हेही लिहा. मी वाचेन, आणि आत्यालाही वाचून दाखवीन. तिला पुढच्या खेपेला डोंगर पाहायचा आहे.

आपली,
एक प्रवासी